हरळी, वाळू आणि वारा
वाचकांचे प्रश्न, एका फिरत्या गोल्फरची उत्तरं

मागच्या अंकात मी स्कॉटलंड, जपान आणि आपल्याकडच्या काही गोल्फ कोर्सविषयी लिहिलं होतं. पाटबंधारे खात्यातली नोकरी संपली तेव्हापासून मी बॅग घेऊन हिंडतोय. कुठल्याही कोर्सवर गेलो की आधी पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघायचं, ही सवय मात्र सुटलेली नाही. त्या लेखावर बरीच पत्रं आली. ज्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही अशांचीही त्यात आहेत, आणि त्यांचे प्रश्न मला जास्त आवडले. जागा आहे तेवढ्यांना उत्तरं देतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. मुलाकडे स्कॉटलंडला गेले होते, तेव्हा एका रविवारी सेंट अँड्र्यूज पाहिलं. त्या जगप्रसिद्ध मैदानावर लोक कुत्री फिरवत होते, मुलं बागडत होती. कुणी हटकलं नाही म्हणून मीही चालून आले. हे खरंच तेच मैदान का? मला तर नुसती उंचसखल, पिवळट हिरवळ दिसली.

बाई, तेच मैदान. त्याचं नाव ओल्ड कोर्स. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि सगळं गाव त्यावर फिरायला येतं. काही मोठी स्पर्धा असेल तरच रविवारी खेळतात. जमिनीलाही आठवड्यातून एक दिवस विश्रांती हवी, हा तिथला जुना शिरस्ता. एकोणिसाव्या शतकात तिथलं मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस हे त्याबाबत फार कडक होते. आपल्याकडे बैलांना पोळ्याला खांदेमळणी असते ना, तसं मला ते वाटतं.

ती जागा कुठल्या क्लबची नाही. १५५२ सालच्या एका सनदेत त्या माळावर खेळायचा गावकऱ्यांचा हक्क लिहून ठेवलाय. आज एक ट्रस्ट ती जागा सांभाळतो. परदेशातून गेलेला माझ्यासारखा माणूसही हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला दाखवून, दोन दिवस आधी सोडतीत नाव घालून तिथे खेळू शकतो. मी चार दिवस मुक्काम ठोकला होता, तिसऱ्या सोडतीत नंबर लागला.

आता ‘उंचसखल हिरवळ’. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गणित सांगतो. तिथे अठरा होल आहेत (होल म्हणजे चेंडू घालायचं भोक, आणि तिथपर्यंतचा खेळाचा एक टप्पाही), पण ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, अकराच. सात ग्रीन प्रचंड मोठी आहेत आणि त्यातल्या प्रत्येकावर दोन होल आहेत : दुसऱ्या होलच्या जोडीला सोळावा, तिसऱ्याच्या जोडीला पंधरावा, चौथ्याच्या जोडीला चौदावा. बेरीज करून बघा, दर वेळी अठरा येते. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा एवढेच एकटे. जाताना पांढरी निशाणं, येताना लाल. पूर्वी तिथे बावीस होल खेळत. १७६४ साली काही एकत्र करून अठरा केले, आणि जगभर तोच आकडा रुजला.

त्या हिरवळीचं वागणं मला कळलं ते सतराव्या होलवर. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर हॉटेलच्या आवारातली एक शेड येते, फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी) दिसतच नाही. माझा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा नि वाट दाखवणारा सोबती, साठीच्या पुढचा. त्यानं शेडवरच्या पाटीतल्या एका अक्षराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, त्याच्यावरून मार. पुढे ग्रीनच्या डाव्या अंगाला एक खोल बंकर (वाळूचा खड्डा), उजव्या अंगाला डांबरी रस्ता आणि त्याला लागून दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर तो रस्त्यावरूनच मारायचा. सवलत नाही. माझा दुसरा फटका ग्रीनच्या तीस पावलं अलीकडे थांबला. मी वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, काढली. त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली, बॅगेत ठेवली आणि पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, दिला. तोंडातून शब्द नाही. मी पटरनं जोरात ढकलला. चेंडू एक उंचवटा चढला, डावीकडे वळला, बंकरच्या कडेकडेनं गेला आणि निशाणापासून आठ फुटांवर थांबला. ज्याला तुम्ही पिवळट म्हणता त्या जमिनीवर चेंडू असा माणसासारखा चालतो, बाई. दाट हिरव्या लुसलुशीत गवतात तो जागच्या जागी रुतून बसला असता.

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षांचा इंजिनीअर. आठवड्यातून दोनदा खेळतो, अठरा होलच्या एका राउंडचा स्कोअर नव्वद फटक्यांच्या आसपास. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला पाच राउंड बुक केलेत. आत्तापासून काय सराव करू?

तुमच्या पत्रात ड्रायव्हरचे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचे, यार्ड पाच वेळा आलेत. ते जरा बाजूला ठेवा.

आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर जे गवत आहे त्याला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात. ती आपली हरळीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा आणि हे गवत एकाच जातीचं, फक्त कोर्सवर सहसा त्याचे निवडलेले, बारीक पात्याचे वाण लावतात. हरळी जमिनीला घट्ट धरून आडवी पसरते, चेंडू तिच्यावर उचलून धरल्यासारखा बसतो. त्यामुळे आपल्याला वेजचं तोंड आकाशाकडे उघडून चेंडू उंच उडवायची आणि तो पडल्या जागी थांबवायची सवय लागते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं गवत फेस्क्यू. केसासारखं बारीक, आणि खाली नुसती वाळू. पाऊस पडून गेला की अर्ध्या तासात पाणी खाली उतरतं, जमीन टणकच राहते. तिथे वेज उघडी धरून मारलात तर पट्टी जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. माझे पहिल्या दोन दिवसांतले निम्मे फटके असेच गेले.

म्हणून सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याची, लोखंडी तोंडाची काठी) घ्या, चेंडू उजव्या पायासमोर ठेवा, अर्धाच स्विंग घ्या आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीनं पळवा. वीस यार्ड, चाळीस, साठ. रोज पन्नास चेंडू. त्यानंतर ग्रीनच्या बाहेरून पटर. सोबतचे हसतील, हसू द्या. वाऱ्यात जोर लावायचा नाही. जोरानं चेंडूला फिरकी जास्त बसते, फिरकीनं तो वर चढतो आणि वारा त्याला मागे आणतो. एक क्लब मोठा, म्हणजे एक नंबर जास्त लांब मारणारी काठी, घ्या आणि सावकाश मारा.

कार्नूस्टी हा स्कॉटलंडमधला कोर्स तुमच्या यादीत आहे म्हणून आणखी एक. तिथे बॅरी बर्न नावाचा ओढा शेवटच्या दोन होलमधून वळणं घेत जातो. १९९९ च्या ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत ज्याँ व्हान द व्हेल्द हा फ्रेंच खेळाडू तीन फटक्यांची आघाडी घेऊन अठराव्या टीवर आला. चार फटक्यांत पुरा व्हावा अशा होलला सहा लागले असते तरी जिंकला असता. तो बूट-मोजे काढून ओढ्यात उतरलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. सात झाले, बरोबरी झाली म्हणून प्लेऑफ, म्हणजे जादा होलचा सामना, झाला आणि पॉल लॉरी जिंकला. मी त्या ओढ्याच्या काठावर बराच वेळ उभा होतो. फार रुंद नाही, आपल्या एखाद्या पोटचारीएवढा असेल, पण दगडी बांधानं काठ उभे बांधलेत. त्यामुळे कडेला पडलेला चेंडू अडत नाही, थेट आत. दुसऱ्या फटक्याला ओढ्याच्या अलीकडे थांबायची लाज वाटून घेऊ नका.

एडिंबराजवळच्या मसलबर्गलाही अर्धा दिवस काढा. घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत नऊ होल आहेत, हिकरीच्या लाकडी दांड्यांचे जुने क्लब भाड्यानं मिळतात. होल साडेचार इंचांपेक्षा जरा कमी, सव्वाचार इंचच का असतो, याचं उत्तर तिथे आहे : १८२९ साली तिथे होल पाडायचं जे हत्यार होतं त्याचा व्यास तेवढा होता. पुढे तेच माप सगळीकडे नियमात गेलं.

प्रश्न : तुम्ही परदेशाचंच कौतुक करता. भारतात बघण्यासारखा एकही कोर्स नाही का?

हा प्रश्न तीन पत्रांत आलाय आणि तो मला लागला. मागच्या लेखात जागेअभावी आपल्या कोर्सचा भाग निम्मा कापावा लागला. उत्तर आता सविस्तर देतो.

वर १८२९ साल आलं. त्याच वर्षी कलकत्त्याजवळच्या दमदमला गोल्फ क्लब निघाला, तो म्हणजे आजचा रॉयल कलकत्ता. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना क्लब. १९११ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. आज तो टॉलीगंजला आहे. मी तिथे एका सभासदाचा पाहुणा म्हणून दोनदा खेळलो. जमीन पाटासारखी सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. चढउतार नाही म्हटल्यावर कोर्समध्ये गंमत कशी येणार, असं पहिल्या टीवर वाटलं. मग तळी दिसायला लागली. जवळजवळ प्रत्येक होलला तळं आडवं येतं, आणि पावसाचं पाणी त्या तळ्यांकडे कसं वळवलंय ते बघत मी चाललो होतो. सपाट जमिनीत पाण्याचा निचरा आणि खेळातला अडथळा, दोन्ही कामं एकाच तळ्याकडून करून घ्यायची. माझ्या खात्यातल्या कुठल्याही माणसाला ते बघून समाधान वाटेल.

याच कोर्सवर ग्रीनकीपरच्या, म्हणजे मैदान सांभाळणाऱ्याच्या, घरी एस. एस. पी. चौरासिया हा गोल्फर वाढला. सभासदांना बघून बघून शिकला. २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, २०१६ मध्ये दिल्लीतच इंडियन ओपन. त्याचा पल्ला लांब नाही. शॉर्ट गेमवरून, म्हणजे ग्रीनजवळच्या ‘चिप’ आणि ‘पट’ या छोट्या फटक्यांवरून, त्याला ‘चिपपट्‌सिया’ म्हणतात. पण दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स बघितला की तो तिथे का जिंकला ते कळतं. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची भिंत, मधे बोळासारखा फेअरवे. झुडपात गेलेला चेंडू शोधायलाही जाववत नाही. मी त्या राउंडमध्ये ड्रायव्हर तीनदाच बाहेर काढला. मोर फेअरवेवरून शांतपणे चालत जातात, झाडांच्या मागे लाल बंगला नावाची मुघलकालीन कबर दिसते. एका ग्रीनजवळ मोराचं पीस पडलं होतं. ते माझ्या कॅडीनं उचलून पुढच्या होलवरच्या माळ्याला दिलं, त्याच्या मुलीसाठी.

शिमल्याजवळचं नालदेहरा वेगळंच. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की त्यानं मुलीच्या नावात नालदेहरा घातलं. देवदारांच्या मधून नऊ होल. उतारावर उभं राहून मारायचं, चेंडू पायाच्या वर नाहीतर खाली. सपाट जागा अशी फक्त टीवर.

पण मी ज्या कोर्सवर शिकलो त्याचं नाव सांगून कुणाला कळणार नाही. नोकरीतल्या पहिल्या बदलीच्या गावी छावणीचं नऊ होलचं मैदान होतं. ग्रीन नव्हतीच, ‘ब्राउन’ होती. वाळूत वापरलेलं तेल कालवून, ते थापून, रोलर फिरवून केलेला तपकिरी गोल. पटिंग झालं की मागून येणाऱ्यांसाठी तो सारखा करायचा असतो. तिथे एक पोरगा काथ्याच्या पायपुसण्याला दोरी बांधून ते होलपासून बाहेर बाहेर, गोल गोल ओढत न्यायचा. शेवटी ताटाच्या कडेसारखी स्वच्छ वर्तुळं उमटायची आणि त्यातून तुमच्या चेंडूची एकच रेघ जायची. चूक कुठे झाली, मनगट वळलं का, सगळं त्या रेघेत लिहिलेलं. मी सरळ पट मारायला तिथे शिकलो. नंतर पाहिलेल्या कुठल्याच महागड्या ग्रीननं मला ते शिकवलं नाही. अशी मैदानं आता कमी होत चाललीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी शेतकरी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात. शेकडो एकर गवताला पाणी पाजायच्या खेळाचं कौतुक तुम्ही कसं करता?

तुमचा राग रास्त आहे. आधी हिशेब मांडतो.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. कडक उन्हात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर धरा. चाळीस हेक्टर हिरवेगार ठेवायचे तर रोज वीस लाख लिटर. हे पाणी पिण्याच्या किंवा शेतीच्या वाट्यातून घेणार असाल तर तो कोर्स बंद ठेवावा. त्यावर मी खेळणार नाही. एका ठिकाणी भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता कारंजी चालू दिसली. निम्मं पाणी वाऱ्यावर चाललं होतं. मी नऊ होल झाल्यावर निघून आलो आणि व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. चेंडू नेमका आणि हळुवार चालावा लागतो तो फक्त ग्रीनवर. एक ग्रीन पाचशे चौरस मीटरचं धरलं तर अठरा ग्रीन मिळून एक हेक्टरही भरत नाहीत. रोजचं पाणी पंचेचाळीस हजार लिटर. टीची भर घाला, तरी वीस लाखांच्या जवळपासही जात नाही. बाकीची हरळी उन्हाळ्यात करपते, पण मरत नाही. तुम्ही शेतकरी आहात, हरळी मरत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार! पहिल्या पावसाला ती परत येते. तोवर टणक, पिवळ्या फेअरवेवर उलट जास्त चांगला खेळ होतो. आणि जे पाणी द्यायचं ते गावाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून द्यावं. मैलापाणी शुद्ध करून गवताला घालणं हे अवघड तंत्र नाही, इच्छा हवी. टीव्हीवर जो पाचूसारखा हिरवा रंग दिसतो तो खेळाला लागत नाही. ती खेळाडूंना लागलेली सवय आहे, आणि ती मोडली पाहिजे असं मी माझ्या सोबत्यांनाही सांगतो.

प्रश्न : जपानमध्ये राउंडच्या मधेच जेवायला थांबतात, हे खरं का?

खरं आहे. नऊ होल झाले की क्लबहाउसमध्ये जायचं, ठरलेल्या वेळी परत दहाव्या टीवर. पहिल्यांदा लय तुटते. दुसऱ्या दिवशी मी सवय लावून घेतली : जेवण हलकं, आणि बाहेर पडताना आधी पाच मिनिटं पटिंग. राउंडनंतर गरम पाण्यात डुंबायचं असतं, ते चुकवू नका.

तिथली मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे जुन्या कोर्सवर एकेका होलला दोन-दोन ग्रीन. एकावर उन्हाळ्यात टिकणारं कोराई गवत, दुसऱ्यावर थंडीचं बेंट. हवामान एका गवताला सोसत नाही म्हटल्यावर त्यांनी हट्ट न धरता दोन पेरली. आता नवे वाण आल्यामुळे बरेच क्लब एकच ग्रीन ठेवतात. टोकियो ऑलिम्पिकचा गोल्फ जिथे झाला त्या कासुमिगासेकी क्लबनंही तेच केलं. कोराई आपल्या हरळीसारखंच कल धरून वाढतं. गवत चमकताना दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झुकलंय, चेंडू पळेल. गडद, मंद दिसलं तर तुमच्याकडे झुकलंय, जरा जोर लावा. आपल्याकडे शिकलेल्याला तिथे हे आयतंच येतं.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला गोल्फ शिकायचंय. घरात कुणी खेळत नाही. उशीर झाला का?

अजिबात नाही. भारताची गोल्फर अदिती अशोक, तिच्या घरीही आधी कुणी गोल्फर नव्हतं. बेंगळुरूच्या कोर्सवर पटिंगपासून तिनं सुरुवात केली. रिओ ऑलिम्पिकला वडिलांनी तिची बॅग उचलली, टोकियोला आईनं, आणि तिथे ती चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं. तुम्हीही मुलीबरोबर चाला. पहिले सहा महिने एक पटर आणि एक छोटा आयर्न पुरे, पूर्ण सेट घेऊ नका. मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका, जड पडतात आणि पाठ बिघडते. आणि तिला कोर्सवरच्या माळ्यांशी बोलू द्या.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये गुलमर्गला जातोय. तिथे खेळता येईल का? काय न्यावं?

येईल. सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात त्याच मैदानावर बर्फ असतं. कोर्स साधारण २,६५० मीटरवर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो. पहिले दोन होल एक क्लब कमी घ्या आणि अंदाज घ्या. स्वतःचा दम मात्र कमी पडतो, म्हणून पोचल्या दिवशी खेळू नका. दुपारनंतर ढग उतरतात. सकाळची पहिली वेळ मागा. बॅगेत पावसाळी जाकीट, कोरडे मोजे दोन जोड आणि क्लबच्या ग्रिप (मुठी) पुसायला दोन टॉवेल. कॅडी स्थानिक घ्या. पर्वताच्या पायथ्याशी डोळे फसतात. चढ वाटतो तिथे उतार असतो, आणि तो कुठे आहे हे त्यालाच माहीत असतं.